बॅटरी पॅकच्या तापमान सेन्सरच्या पेटंटवर एफईआर (पहिला तपासणी अहवाल) आला आहे, इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या हरकतीला उत्तर कसं द्यावं?

गाळा_सात (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे ईव्ही आणि बॅटरीवाले बरेच आहेत, पेटंटच्या कामातलेही एक-दोघे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भोसरीत माझा गाळा आहे. आम्ही मालवाहू तीनचाकींसाठी एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे) पॅक बांधतो. १६ प्रिझमॅटिक सेल सिरीजमध्ये, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. सेलच्या टर्मिनलवर ॲल्युमिनियमचे बसबार, म्हणजे सेल जोडणाऱ्या पट्ट्या, लेझर वेल्ड करून घेतो. त्यावरून एफपीसी, म्हणजे पातळ लवचीक सर्किट जातं, आणि त्यातून प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि ठरावीक जागांचं तापमान बीएमएसला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटला, कळतं.

सुरुवातीला आम्ही थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर, सरळ बसबारवर चिकटवायचो. जागा सपाट असते, एफपीसी तिथूनच जातं, काम पटकन होतं. पण गाडी माल भरून चढावर गेली की सेलच्या आधी बसबार तापतो. वेल्डच्या जागी मिलिओहमचा दहावा भाग इतका रोध धरला, तरी १०० अँपिअरला १ वॉट उष्णता तिथल्या तिथे तयार होते. आमच्या चाचणीत बसबारवर ५८ अंश होते, तेव्हा सेलच्या झाकणावर ४७ होते. बीएमएस ५८ बघून करंट कमी करतो आणि ड्रायव्हरचा फोन येतो, "शेठ, गाडी ओढत नाही."

याची दुसरी बाजू मला जास्त छळायची. गाडी थांबली की बसबार भराभर निवतो, सेल मात्र आतून गरमच असतो. सेन्सर म्हणतो सगळं ठीक आहे, आणि त्याच क्षणी कोणीतरी चार्जर लावतो.

यावर आम्ही बसबारमध्येच यू आकाराची चीर मारली. मध्ये एक जीभ तयार होते. ती एकाच टोकाला जोडलेली असते, म्हणून तिच्यातून करंट जात नाही. जीभ थोडी खाली वाकवली, तिच्या पोटाशी सिलिकॉनचा थर्मल पॅड ठेवला आणि पॅड सेलच्या झाकणावर टेकवला. थर्मिस्टर जिभेच्या पाठीवर. आता सेन्सर आणि झाकण यांच्यात दोन-अडीच अंशांपेक्षा जास्त फरक येत नाही.

अर्ज मी आणि एका इंजिनिअर मित्राने मिळून लिहिला, एजंट घेतला नाही. १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध झाला, तपासणीच्या विनंतीचा फॉर्म १८ भरला, आणि दीड महिन्यापूर्वी पहिला तपासणी अहवाल आला. तीन हरकती आहेत. पहिली, पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए), इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, म्हणजे जाणकाराला हे सहज सुचलं असतं. त्यासाठी दोन कागद लावलेत: एका जपानी अर्जात वायरिंगच्या प्लास्टिक चौकटीत बसवलेला थर्मिस्टर स्प्रिंगने सेलवर दाबलेला आहे, आणि एका चिनी युटिलिटी मॉडेलमध्ये (छोट्या सुधारणांसाठीच्या पेटंटमध्ये) बसबारला यू आकाराची चीर आहे. दुसरी हरकत कलम ३(एफ), माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी. तिसरी, दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ती वाक्यं, मोघम आहेत.

आमचा दावा क्र. १ असा आहे: "सेल, सेलना जोडणारा बसबार, आणि त्या बसबारला जोडलेला तापमान संवेदक असलेला बॅटरी पॅक, ज्यात सेलचे तापमान अचूक व त्वरित मोजले जाते." जीभ दावा ४ मध्ये आहे.

चिनी कागदातली चीर बघून खरं सांगतो, दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. आम्ही आठ महिने घालवले होते त्या जिभेवर. यावर उत्तर होऊ शकतं का?

निवांत_वाचक

वाचतोय. जिभेचा फोटो टाकता आला तर बघायला आवडेल.

क्लेमवाली

गाळा सात, फोटो लगेच टाकू नका, कारण पुढे सांगते. मी पेटंट एजंट आहे, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलचं काम करते. इथे लिहिते ते सर्वसाधारण मार्गदर्शन समजा. तुमचा पूर्ण अर्ज वाचल्याशिवाय सल्ला देणं योग्य नाही.

आधी मुदतीचं. एफईआरच्या तारखेपासून सहा महिने, आणि ते संपायच्या आत मुदतवाढीचा फॉर्म ४ भरला तर आणखी तीन. त्यात उत्तर गेलं नाही तर कलम २१ खाली अर्ज सोडून दिला असं धरतात. तुमच्याकडे वेळ आहे, पण गणेशोत्सव-दिवाळीत महिने कसे जातात ते कळत नाही.

आता हरकतीकडे परीक्षकाच्या बाजूने बघा. तुमचा दावा १ वाचला तर त्यात नवं काय आहे? सेल आहे, बसबार आहे, सेन्सर आहे. "अचूक व त्वरित" हे फळ झालं, ते कशामुळे मिळतं ते दाव्यात नाही. त्या दाव्यात तुम्ही स्वतः सोडून दिलेली जुनी पद्धत, बसबारवर चिकटवलेला थर्मिस्टर, तीसुद्धा बसते! मग तो दावा नाकारला जाणारच. ३(एफ) सुद्धा त्यातूनच आलं. त्या कलमाचे शब्द नीट वाचा: माहीत असलेली उपकरणं, प्रत्येक आपापलं काम स्वतंत्रपणे, माहीत असलेल्या पद्धतीनेच करणारी. तुमची जीभ, पॅड आणि थर्मिस्टर एकमेकांवर अवलंबून आहेत. जीभ काढली तर पॅड निरुपयोगी, पॅड काढला तर जीभ नुसती बसबारचं तापमान सांगेल. हे तुम्ही दाखवलं की ३(एफ) गळून पडतं. पण त्यासाठी तिन्ही गोष्टी दावा १ मध्ये एकत्र हव्यात.

चिनी कागदातली चीर कशासाठी आहे ते वाचलंत का? फक्त आकृती बघू नका. त्या क्षेत्रात बसबारला चिरा किंवा वळ्या बहुतेक वेळा सेल फुगण्या-आकसण्याचा ताण घ्यायला देतात. तसं असेल तर जीभ हवेत मोकळी असेल, तिच्याखाली काही टेकलेलं नसेल. मग तुमचा मुद्दा असा उभा राहतो: जपानी कागद वाचणाऱ्या कारागिराला सेन्सर सेलवर दाबायचा कसा हे आधीच कळलेलं आहे, स्प्रिंगने. तो ताण कमी करणारी चीर दुसरीकडून उचलून तिचा उष्णतेसाठी वापर का करेल?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या वर्णनात) "जिभेतून करंट वाहत नाही" हे वाक्य आहे का? पॅड जिभेखाली आहे हे आकृतीत दिसतं का? कलम ५९ प्रमाणे जे मूळ कागदात सांगितलेलं किंवा दाखवलेलं नाही, ते नंतर घालता येत नाही. उत्तर द्यायच्या आधी हेच तपासा.

वऱ्हाडी_वायरमन

भाऊ, मी अकोल्यात गाड्यांचे पॅक दुरुस्त करतो. पेटंटचं मले काही कळत नाही, पण सेन्सरचं सांगतो, कारण रोज हातात येतो.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पॅक उघडला की चारातला एखादा मणी तरी सुटलेला असते. मणी म्हणजे तिळाएवढा थर्मिस्टर, त्याले दोन केसासारख्या तारा. गोंद वाळून पांढरा पडते, गाडीच्या हादऱ्यानं निघते, मणी हवेत लटकून राहते. १० के चा मणी, २५ अंशाले १० हजार ओहम. मागच्या उन्हाळ्यात एक पॅक गरम असतानाच उघडला, मीटरवर साधारण साडेपाच हजार आले. म्हणजे ४२ अंश. बाहेरची हवा तेवढीच होती! सेलले हात लावला तर हात ठेववत नव्हता. मणी सेलचं तापमान सांगतच नव्हता, तो अकोल्याचं सांगत होता.

तार तुटली तर बीएमएसले कळते, रोध अनंत होते, एरर येते. पण मणी नुसता सुटला तर बीएमएस म्हणते सगळं बेस. यावर कोणी काही केलं तर त्याले नक्की पेटंट द्या.

गाळा_सात

क्लेमवाली ताई, रात्री बसून तपासलं. चिनी कागदात चीर ताणासाठीच आहे. भाषांतर यंत्राचं आहे, पण "वेल्डिंगनंतरचा ताण मोकळा करण्यासाठी" हे स्पष्ट आहे, तापमानाचा शब्दही नाही. आमच्या वर्णनात "जिभेतून विद्युतप्रवाह वाहत नसल्याने तिच्यात उष्णता निर्माण होत नाही" हे एक वाक्य आहे, एकच. पॅड आकृती ४ मध्ये आहे, क्रमांक दिलाय, पण मजकुरात "विद्युतरोधक पॅड" एवढंच. चाचणीचे आकडे कुठेही दिले नाहीत. त्या वेळी वाटलं, आकडे म्हणजे आपलं गुपित.

वायरमन भाऊ, तुमचा प्रतिसाद गाळ्यातल्या पोरांना वाचून दाखवला. मणी सुटण्याचा हा त्रास आम्हालाही आहे.

सरळरेघ

थोडा वेगळा सूर लावतो, धागाकर्त्यांनी राग मानू नये. बसबारला चीर मारून वाकवणं हे कोणताही चांगला फिटर करेल. अशा गोष्टींना पेटंट मिळत गेलं तर उद्या चाकण-भोसरीतल्या दुसऱ्या गाळ्यांनी काय करायचं? सुप्रीम कोर्टानेच हे १९७८ मध्ये सांगितलं आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. भांडी घासून-कातून तयार करायच्या लेथचा खटला होता, भांडं पकडायच्या पद्धतीत केलेली सुधारणा. कोर्ट म्हणालं, ही कारखान्यात रोज होणाऱ्या सुधारणेपलीकडची गोष्ट नाही, आणि पेटंट रद्द झालं. परीक्षक तेच म्हणत आहेत. त्यांनी हे नाही विचारायचं तर कोणी विचारायचं?

क्लेमवाली

सरळरेघ, तुम्ही अगदी योग्य निकाल काढलात आणि परीक्षकांनी विचारलंच पाहिजे याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पण त्या लेथमध्ये काय झालं ते बघा. भांडं दोन बाजूंनी दाबून धरायची कल्पना त्या धंद्यात आधीच वापरात होती, आणि त्याच कामासाठी होती. नवा परिणाम काही दाखवता आला नाही. इथे प्रश्न असा आहे की ताणासाठी असलेली चीर उष्णतेसाठी वापरावी असं कुठल्या कागदातून सुचतं का? सुचत असेल तर पेटंट मिळू नये. ते परीक्षकांनी दाखवायला हवं. दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये ॲग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात हेच सांगितलं: नाकारायचं तर आधीचं ज्ञान काय, अर्जातला शोध काय, आणि त्या ज्ञानावरून हा शोध जाणकाराला सहज कसा सुचला असता, या तिन्हीची चर्चा आदेशात हवी.

आणि दुसऱ्या गाळ्यांचं म्हणाल, तर दावा अरुंद झाला की त्यांना मोकळी जागा उरते. स्प्रिंग वापरा, सेन्सर झाकणावर थेट चिकटवा, काही हरकत नाही. मूळ दावा १ मिळाला असता तर मात्र सगळ्यांचंच नुकसान होतं. परीक्षकाच्या हरकतीने तुमच्या शेजारच्या गाळ्याचंच रक्षण झालं.

सरळरेघ

हे पटलं. मूळ दावा १ ला माझा विरोध होता, जिभेला नाही.

शून्य_अंश

म्युनिकहून लिहितो. पुण्यात शिकलो, इथे बीएमएसचं हार्डवेअर करतो, त्यामुळे युरोपियन पेटंट ऑफिसच्या कागदांशी कामापुरता संबंध येतो. तिथे परीक्षक आधी सगळ्यात जवळचा जुना कागद निवडतात, त्याच्यापेक्षा तुमच्यात काय वेगळं ते काढतात, त्या वेगळेपणामुळे काय परिणाम होतो ते बघतात, आणि मग विचारतात: जाणकार हे करू *शकला असता* का, एवढं पुरेसं नाही, त्याने हे *केलं असतं* का? भारतात ही पायरी तशीच्या तशी लागू नसली तरी उत्तर लिहिताना हा क्रम उपयोगी पडतो, विचार सरळ राहतो.

शोध घेणाऱ्यांसाठी एक अनुभवाची गोष्ट. या क्षेत्रात प्रत्येक देश एकाच वस्तूला वेगळं नाव देतो. जपानी कागदांत "बसबार मॉड्यूल" किंवा "वायरिंग मॉड्यूल" म्हणतात. चिनी कागदांचं यंत्र-भाषांतर वाचाल तर तापमान "मोजणं" नसतंच, तापमान "गोळा करणं" किंवा "सॅम्पलिंग" असतं, आणि एफपीसीला बसबारशी जोडणारा तुकडा "निकेल शीट" म्हणून येतो. "टेम्परेचर सेन्सर" एवढंच टाकून शोधलं तर अर्धे कागद हातातून जातात. म्हणून पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकांनी शोधावं: एच०१एम १०/४८ मध्ये सेलची स्थिती मोजणं, सीपीसीत (युरोप-अमेरिकेच्या जास्त बारीक वर्गीकरणात) त्याखाली १०/४८६ खास तापमानासाठी, जी०१के ७/२२ थर्मिस्टरसाठी, आणि सेल जोडण्यासाठी एच०१एम ५०/५०२ च्या आसपास. २०२१ पर्यंत हे शेवटचं एच०१एम २/२० मध्ये होतं, त्यामुळे जुन्या छापील पानांवर तो आकडा दिसतो.

आता मला सगळ्यात जास्त रस वाटला तो जिभेत. गाळा सात, पॅक बाजारात विकले जातात आणि अर्जही प्रसिद्ध झाला आहे असं समजून विचारतो: जीभ जिथे बसबारला जोडलेली आहे ती मान किती रुंद, किती लांब? पॅड केवढा?

गाळा_सात

पॅक दीड वर्ष विकतोय, कोणीही उघडून मोजू शकतो. बसबार दीड मिमी जाड. मान ३ मिमी रुंद, ८ मिमी लांब. पॅड १० बाय १२, जाडी १ मिमी, डेटाशीटवर उष्णतावाहकता ३.

शून्य_अंश

मग बघा, विजेच्या व्होल्टेज डिव्हायडरसारखाच हिशोब आहे. उष्णता बसबारकडून मानेतून जिभेत येते आणि पॅडमधून झाकणाकडे जाते. ॲल्युमिनियमची वाहकता २०० धरली तर मानेचा उष्णतारोध साधारण ९ अंश प्रति वॉट. पॅडचा साधारण २.८. जिभेचं तापमान या दोघांत वाटलं जाणार: २.८ भागिले ११.८, म्हणजे साधारण २४ टक्के. बसबार आणि झाकण यांच्यातला फरक ११ अंश, त्याचे २४ टक्के म्हणजे २.६ अंश. तुम्ही लिहिलंत दोन-अडीच. हिशोब आणि मोजमाप जुळलं!

म्हणजे करंट वाहत नाही हे अर्धंच कारण आहे. पूर्ण कारण असं: मानेचा उष्णतारोध पॅडच्या रोधापेक्षा बराच मोठा आहे, म्हणून जीभ बसबारचं न ऐकता सेलचं ऐकते. रुंद मानेची जीभ केली असती तर करंट शून्य असूनही सेन्सर चुकला असता. तुमचा खरा शोध मला या गुणोत्तरात दिसतो. आता मानेचा रोध आणखी वाढवायचा तर दोन मार्ग आहेत, एक म्हणजे

क्लेमवाली

शून्य अंश, कृपया इथेच थांबा! गाळा सात, तुम्हीही इथे काही उत्तर देऊ नका.

हे सार्वजनिक पान आहे, तारीख-वेळेसह. इथे छापलेली तांत्रिक गोष्ट उद्या परीक्षक तुमच्याच विरुद्ध कागद म्हणून लावू शकतात. जी वस्तू विकली जाते आणि जी प्रसिद्ध अर्जात आहे तिच्यावरचा हिशोब इथे झाला, त्याने फारसं बिघडलं नाही. पण मान पुढे कशी करायची हे इथे आलं तर ते कोणाचंच पेटंट होणार नाही. म्हणूनच सुरुवातीला फोटोलाही नको म्हटलं, कारण गाळ्यात आज कुठला नमुना टेबलावर असेल ते मला ठाऊक नव्हतं.

गुणोत्तराबद्दल वाईट बातमी आणि चांगली बातमी, दोन्ही. शून्य अंश म्हणतात ते पटण्यासारखं आहे, पण मूळ अर्जात "मानेचा रोध पॅडपेक्षा जास्त" हे वाक्य नसेल तर ते दाव्यात घालता येणार नाही. आकृती ४ मध्ये मान जिभेपेक्षा अरुंद काढलेली असेल तर "जिभेपेक्षा अरुंद मान" एवढं घालता येईल, कारण ते दाखवलेलं आहे. आकृती मापात काढलेली नसते, त्यामुळे तिच्यावरून आकडे काढता येत नाहीत.

चाचणीचे ५८ आणि ४७ स्पेसिफिकेशनमध्ये आता जाणार नाहीत. पण उत्तरासोबत शपथपत्रावर पुरावा म्हणून देता येतात. जुन्या पद्धतीचा पॅक आणि जिभेचा पॅक, एकाच करंटला, एकाच दिवशी, दोन्हींचे आलेख. शपथपत्र द्यायचं तर चाचणीची वही जपून ठेवा, पेनाने लिहिलेली असेल तर फारच छान.

आणि पुढच्या कामासाठी "पेटंट ऑफ ॲडिशन" बघा, कलम ५४. मूळ शोधात केलेली सुधारणा त्याच अर्जदाराने टाकायची. कलम ५६ मुळे मूळ शोध प्रसिद्ध झाला आहे, त्यावरून ही सुधारणा सहज सुचते, एवढ्याच कारणाने ती नाकारत नाहीत. ती नवी मात्र हवी, आणि तुमचा मूळ अर्जही त्यासाठी बघितला जातो. मूळ पेटंट मिळाल्याशिवाय हे मिळत नाही, मूळ संपलं की हेही संपतं, पण वेगळी वार्षिक फी नाही. छोट्या गाळ्याला हे फार सोयीचं आहे. फक्त या धाग्यावर त्याबद्दल एक अक्षर नको.

शून्य_अंश

चूक झाली, ताई. हिशोब जुळला त्या आनंदात लिहीत गेलो. पुढचं वाक्य माझ्यापाशीच राहील. गाळा सात, लागलं तर व्यक्तिगत निरोप करा. पण ते माझ्याकडून आलं तर अर्जात शोधक म्हणून माझं नाव लागेल, त्यामुळे आधी तुम्ही स्वतः काय केलंय ते कागदावर तारीख टाकून ठेवा.

खडूफळा

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. हा धागा वाचून धडकी भरली. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी पॅकमधल्या तापमानाच्या वायरी कमी करणारं एक सर्किट केलंय, आणि मागच्या महिन्यात कॉलेजच्या प्रदर्शनात ते मांडलं. पालक, शेजारची कॉलेजं, सगळे येऊन गेले. एका मुलीने व्हिडिओही टाकला. आता अर्ज करता येईल का?

क्लेमवाली

सर, कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती प्रामुख्याने सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधांना आहे. कॉलेजचं स्नेहसंमेलनाबरोबरचं प्रदर्शन त्यात सहसा बसत नाही. व्हिडिओचा प्रश्न जास्त अवघड आहे. पण व्हिडिओत नेमकं काय दिसतं ते आधी बघा. पेटीवर दिवे लागताना दिसत असतील आणि सर्किट दिसत नसेल, तर आतली रचना उघड झाली असं म्हणता येणार नाही. व्हिडिओ आत्ता काढून ठेवा, मुलींना पुढे कुठेही सादर करू नका म्हणावं, आणि प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे, तपासणीची ४,०००. अर्जदार सगळे व्यक्तीच असतील, संस्था नसेल, आणि त्यांत एक जरी मुलगी असेल तरी फॉर्म १८ए ने तपासणी लवकर करून घेता येते.

आणि २०२४ च्या नियमांनंतर टाकलेल्या अर्जांना तपासणीची विनंती ३१ महिन्यांत करावी लागते, पूर्वी ४८ होते. जुन्या सवयीने बसून राहू नका.

खडूफळा

व्हिडिओ पाहिला. डबा बंद आहे, वर फक्त डिस्प्ले. मुलींना आजच बसवतो लिहायला. त्यांनी चार महिने सोल्डरिंगच्या धुरात काढलेत, ते वाया जाऊ नये.

वऱ्हाडी_वायरमन

मुलींले आमच्याकडून शाबासकी सांगा सर.

गाळा_सात

बऱ्याच महिन्यांनी धागा वर आणतोय, ताईंना आणि सगळ्यांना कळवायचं होतं.

एजंट नेमला. उत्तरात दावा १ आणि ४ एकत्र केले, पॅड आणि "जिभेपेक्षा अरुंद मान" आकृती ४ वरून घातलं. "अचूक व त्वरित" काढून टाकलं. चाचणीचे आलेख शपथपत्रावर दिले. त्या एका वाक्यावर, "प्रवाह वाहत नसल्याने", सगळं उत्तर उभं राहिलं. मित्राने ते अर्ज लिहिताना शेवटच्या रात्री घातलं होतं.

मग सुनावणीची नोटीस आली, व्हिडिओवर. कंट्रोलर साहेबांनी अर्धा तास दिला आणि खरोखर मन लावून वाचलेलं होतं. त्यांचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता: "जीभ बसबारचाच भाग आहे, म्हणजे तिच्यावर विजेचा दाब आहे. सेलचं झाकणही धातूचं. मग ही जीभ तिथे टेकवायला जाणकार माणूस उलट घाबरणार नाही का?" मी सांगितलं, साहेब, आम्हीही घाबरलो होतो. पहिले दोन महिने आम्ही जीभ झाकणापासून दूरच ठेवत होतो. आतल्या काचेच्या जाळीमुळे सहज न फाटणारा पॅड मिळाला तेव्हाच ती खाली टेकवली. एजंटने लगेच तो धागा पकडला: चिनी कागदातली जीभ मोकळी आहे, आमचा पॅड उष्णता जाऊ देतो आणि वीज अडवतो, आणि ही जोडी दोन्ही कागदांत नाही. १५ दिवसांत लेखी म्हणणं दिलं.

गेल्या आठवड्यात आदेश आला. पेटंट मंजूर. आदेशात साडेतीन पानांची चर्चा आहे, आणि आमच्या मूळ दाव्यावर जे लिहिलंय ते वाचून सरळरेघ यांची आठवण झाली.

सरळरेघ

मनापासून अभिनंदन. साडेतीन पानं वाचायला नक्की आवडतील.

वऱ्हाडी_वायरमन

भाऊ लय आनंद झाला. पण मण्याचं काय केलं? तो तर अजूनही गोंदावरच असन ना?

गाळा_सात

वायरमन भाऊ, तुमचा प्रतिसाद आला त्याच आठवड्यात त्यावर काम सुरू केलं होतं. इतके दिवस इथे लिहिलं नाही, कारण ताईंनी बजावलं होतं. ॲडिशनचा अर्ज टाकला आणि त्याची पावती काल आली, म्हणून आज लिहितो. मणी आता जिभेच्या पाठीवर चिकटवत नाही. जिभेला २ मिमीचं भोक पाडतो, दोन्ही तोंडं किंचित रुंद करून. मणी भोकात बसतो आणि इपॉक्सी दोन्ही बाजूंनी भोकाच्या कडेवर पसरून वाळतो, रिव्हेटच्या डोक्यासारखा. गोंद पांढरा पडून सुटला तरी मणी निसटायला जागा नाही. व्हायब्रेशन टेबलवर चढवला आहे. तुमच्या अकोल्याला मेमध्ये दोन पॅक पाठवतो, तुमच्या हाताने उघडून मीटर लावून सांगा.